बिटकॉइनवर स्वतंत्र संशोधन: स्वतःचा नोड, स्वतःची मोजणी

बिटकॉइनची कमाल संख्या २.१ कोटी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण एखाद्या ठरावीक ब्लॉकपर्यंत (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, असे गठ्ठे जोडून साखळी बनते) खर्च करता येण्याजोगे बिटकॉइन नेमके किती, आणि तो आकडा कुणाच्याही शब्दावर न विसंबता काढून दाखवता येईल का, असं विचारलं की बहुतेकांची गाडी अडते. या क्षेत्रात स्वतः संशोधन करायचं असेल तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी. प्रश्न छोटा आहे, उत्तर शेवटच्या सातोशीपर्यंत (एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी) पडताळता येतं, आणि ते काढताना प्रणालीचा जवळजवळ प्रत्येक भाग उघडून बघावा लागतो. संकेतस्थळावरचा आलेख उचलून त्यावर निष्कर्ष बांधणं सोपं असतं. पण त्या आलेखामागे काय गाळलं आणि काय धरलं हे कळत नाही, म्हणून ते संशोधन पायावर उभं राहत नाही.

एक सूचना आधीच: नोड म्हणजे संपूर्ण साखळी स्वतः उतरवून तपासणारा प्रोग्राम. त्याच्या आज्ञांची आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, जागा न सोडता टाइप करायची.

नोडच्या आधी: नऊ पानं आणि ८० बाइट

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी जाहीर झालेला बिटकॉइनचा मूळ निबंध अवघा नऊ पानांचा आहे. तो नुसता वाचू नका, त्यातला हिशेब करून बघा. अकराव्या विभागात हल्लेखोराने साखळी गाठण्याची शक्यता काढली आहे. हल्लेखोराकडे १० टक्के संगणनशक्ती असेल आणि तो सहा ब्लॉक मागे असेल तर उत्तर ०.०००२४२८ येतं, पाच ब्लॉकांना ०.०००९१३७. पायथनमध्ये पंधरा-वीस ओळींत हे जमतं. आकडा जुळला की पुढची पायरी: त्या हिशेबात प्रामाणिक मायनरना, म्हणजे ब्लॉक तयार करणाऱ्यांना, लागणारा वेळ सरासरीइतकाच धरला आहे, म्हणून तिथे पॉइसाँ वितरण येतं. मेनी रोझेनफेल्ड यांनी २०१२ मध्ये तिथे ऋण द्विपद वितरण वापरलं. दोन्ही सूत्रं शेजारी ठेवून फरक कुठे वाढतो ते काढा. मान्यवर निबंधातलं गृहीतक बोट ठेवून दाखवता येणं ही संशोधनातली पहिली खरी कमाई.

त्यानंतर पहिल्या ब्लॉकचं शीर्ष हाताने हॅश करा, म्हणजे त्यातून ठरावीक लांबीचा ठसा काढा. शीर्ष ८० बाइटांचं असतं: आवृत्ती ४, मागच्या ब्लॉकचा हॅश ३२, मर्कल मूळ (ब्लॉकमधल्या सगळ्या व्यवहारांचा मिळून एक हॅश) ३२, वेळ ४, बिट्स (अवघडपणाचं लक्ष्य) ४, नॉन्स (मायनर बदलत राहतो तो आकडा) ४. पहिल्या ब्लॉकसाठी आवृत्ती १, मागचा हॅश म्हणजे ३२ शून्य बाइट, वेळ १२३१००६५०५, बिट्स ४८६६०४७९९ आणि नॉन्स २०८३२३६८९३. मर्कल मूळ नोडच्या गेटब्लॉकहेडर या आज्ञेतून घ्या. नोड अजून नसेल तर एखाद्या एक्सप्लोररवरून, म्हणजे साखळी दाखवणाऱ्या संकेतस्थळावरून. सगळं जोडून एसएचए-२५६ दोनदा चालवा आणि आलेले ३२ बाइट उलटे करा. षोडशमान पद्धतीत सुरुवातीला दहा शून्यं दिसली पाहिजेत.

पहिल्या फटक्यात बहुधा दिसत नाहीत. कारणं ठरलेली तीन. एक, चार बाइटांच्या संख्या लहान टोक आधी या क्रमाने लिहिल्या गेल्या नाहीत. दोन, मर्कल मूळ पडद्यावर दिसतं तसंच घेतलं, पण शीर्षात ते उलट्या क्रमाने असतं. तीन, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारं: बाइट हॅश करण्याऐवजी १६० अक्षरांची स्ट्रिंगच हॅश केली. तिसऱ्या चुकीत प्रोग्राम कुठेही अडत नाही, नुसतं चुकीचं उत्तर देतो. म्हणून हॅशआधी लांबी छापून बघायची सवय लावा. ती ८० च असली पाहिजे.

नोड उभा करताना

संपूर्ण साखळीने ६०० जीबीचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे, शिवाय अनुक्रमणिका आणि तुमचा स्वतःचा डेटा. म्हणून २ टीबीची एसएसडी आणि १६ जीबी रॅम धरून चाला. फिरत्या हार्ड डिस्कवर मूळ समक्रमण, म्हणजे साखळी पहिल्यांदा उतरवून तपासणं, रडतखडत चालतं, कारण न खर्चलेल्या आउटपुटांचा (व्यवहारांतून दिलेल्या रकमांचा) साठा, म्हणजे यूटीएक्सओ संच, डिस्कवर इथून तिथून सतत वाचावा लागतो. ब्रॉडबँड प्लॅनची महिन्याची मर्यादा आधी बघून घ्या. तुमचा नोड इतरांना ब्लॉक देतो तेव्हा अपलोडही त्यातच मोजलं जातं. मॅक्सअपलोडटार्गेट या सेटिंगने त्याला लगाम घालता येतो.

बिटकॉइन कोर हा नोडचा प्रोग्राम उतरवल्यावर तो मूळचाच आहे हे ठरवणारी चेकसमची फाइल आणि तिच्यावरच्या जीपीजी सह्या तपासा. इथे आळस केला तर पुढची सगळी पडताळणी पोकळ ठरते.

सेटिंगच्या फाइलमध्ये सर्व्हर=१ आणि कॉइनस्टॅट्सइंडेक्स=१ लिहा. पहिल्या समक्रमणापुरतं डीबीकॅश=८००० द्या आणि ते संपल्यावर कमी करा. टीएक्सइंडेक्स गरज पडेल तेव्हाच, कारण ती बरीच जागा खाते आणि प्रून केलेल्या, म्हणजे जुने ब्लॉक पुसून टाकणाऱ्या, नोडवर चालत नाही. आता महत्त्वाचं सेटिंग: अझ्यूमव्हॅलिड. नेहमीच्या सेटिंगमध्ये एका ठरावीक ब्लॉकआधीच्या सह्या तपासल्या जात नाहीत. कार्याचा पुरावा (हॅश काढताना केलेलं संगणनाचं काम), मर्कल मूळ आणि रकमांचा ताळा मात्र तपासला जातो. पुरवठ्याच्या प्रश्नाला तेवढं पुरतं. पण तुमचा दावा सह्यांबद्दल असेल, किंवा 'सगळं स्वतः तपासलं' असं लिहायचं असेल, तर अझ्यूमव्हॅलिड=० ठेवून समक्रमण करा. जास्त वेळ लागेल, तो द्या.

वीज जाणाऱ्या गावात नोड इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवरच ठेवा. लिहिता लिहिता मशीन बंद पडलं तर साठा बिघडू शकतो, आणि मग रीइंडेक्स-चेनस्टेट करण्यात दिवस जातात. स्वतः बंद करतानाही स्टॉप आज्ञा द्या आणि डीबग लॉगमध्ये 'शटडाउन: डन' ही ओळ येईपर्यंत थांबा. कॅश मोठा असेल तर तो डिस्कवर उतरायला काही मिनिटं लागतात. अनेक जण नेमके त्याच मिनिटांत बटण दाबतात.

पुरवठ्याचा ताळा

कोडमध्ये २.१ कोटींचा एक स्थिरांक आहे खरा, पण तो फक्त अवास्तव रकमा अडवतो. पुरवठा घडतो तो ब्लॉकच्या बक्षिसातून. ५० बिटकॉइनपासून सुरुवात, दर २,१०,००० ब्लॉकांनी निम्मं. हे निम्मं करणं सातोशीतल्या पूर्णांकांवर, बिट सरकवून होतं, म्हणून अपूर्णांक गळतात आणि खरी कमाल बेरीज २,०९,९९,९९९.९७६९ बिटकॉइन येते. हे स्वतः लूप चालवून काढा, दहा ओळींचं काम आहे.

आता एक उंची, म्हणजे शून्यापासून मोजलेला ब्लॉकचा क्रमांक, पक्की करा. ८,३९,९९९ ही सोयीची, कारण २० एप्रिल २०२४ चं निम्मं होणं पुढच्याच ब्लॉकला झालं. तोवरचं सैद्धांतिक बक्षीस २,१०,००० गुणिले (५० + २५ + १२.५ + ६.२५), म्हणजे १,९६,८७,५०० बिटकॉइन. मग नोडला विचारा: गेटटीएक्सआउटसेटइन्फो, पहिला घटक 'नन', दुसरा ८३९९९९. पहिला घटक न देता किंवा नेहमीचा हॅश प्रकार ठेवून मागची उंची विचारली तर नोड नकार देतो. तो हॅश फक्त चालू टोकासाठीच काढता येतो.

मिळालेली एकूण रक्कम १,९६,८७,५०० पेक्षा कमी भरेल. हा कमीपणा म्हणजेच तुमचा संशोधनविषय. तो चार ठिकाणी विभागलेला आहे.

पहिल्या ब्लॉकचे ५० बिटकॉइन कधीच खर्चता येत नाहीत, कारण तो ब्लॉक कोडमध्येच बसवलेला आहे आणि त्याचं आउटपुट यूटीएक्सओ संचात घातलंच जात नाही. दुसरा भाग १०० बिटकॉइनचा. सुरुवातीच्या काळात दोन कॉइनबेस व्यवहार, म्हणजे मायनरला बक्षीस देणारे व्यवहार, जसेच्या तसे पुन्हा आले: ९१७२२ मधला ९१८८० मध्ये आणि ९१८१२ मधला ९१८४२ मध्ये. व्यवहाराची ओळख एकच असल्यामुळे नंतरच्याने आधीच्याला झाकलं आणि प्रत्येकी ५० बिटकॉइन कायमचे गेले. असं पुन्हा होऊ नये म्हणून पुढे कॉइनबेसमध्ये ब्लॉकची उंची लिहिणं सक्तीचं झालं. बीआयपी ३४ या सुधारणा-प्रस्तावाचा हा नियम २,२७,९३१ या उंचीपासून लागू धरला जातो. तिसरा भाग मायनरनी न उचललेल्या बक्षिसाचा. ब्लॉक १,२४,७२४ च्या मायनरने ५० ऐवजी ४९.९९९९९९९९ इतकेच घेतले. ब्लॉक ५,०१,७२६ मध्ये तर १२.५ बिटकॉइनचं बक्षीस कुणी उचललंच नाही. नियम 'यापेक्षा जास्त घेऊ नका' असा आहे, 'एवढं घ्याच' असा नाही. चौथा भाग ओपी-रिटर्नसारख्या कधीच खर्चता न येणाऱ्या आउटपुटांमध्ये लोकांनी टाकलेल्या रकमांचा.

कॉइनस्टॅट्सइंडेक्स चालू असेल तर त्याच उत्तरात न खर्चण्याजोग्या रकमेची बेरीजही मिळते. दोन्ही मिळवल्या की १,९६,८७,५०० जुळतात. इथेच 'झालं' म्हणून थांबू नका. दोन्ही आकडे एकाच प्रोग्रामने दिले आहेत, तेव्हा ही पडताळणी अर्धीच आहे.

उरलेली अर्धी अशी करायची. प्रत्येक ब्लॉक गेटब्लॉकने तपशील-पातळी २ वर मागवा. प्रत्येक व्यवहाराच्या शुल्काची बेरीज करा, त्यात त्या उंचीचं बक्षीस मिळवा, त्यातून कॉइनबेसच्या आउटपुटांची बेरीज वजा करा. शिल्लक शून्यापेक्षा जास्त आली की तो ब्लॉक उंचीसह वहीत लिहा. ऋण आली तर चूक तुमच्या कोडात आहे, कारण तसा ब्लॉक नोडने स्वीकारलाच नसता. आधी पहिल्या २,१०,००० ब्लॉकांवरच चालवा. डेटा थोडा आहे, सैद्धांतिक बेरीज १,०५,००,००० इतकी स्वच्छ आहे, आणि दोन्ही दुहेरी कॉइनबेस त्यातच येतात.

रकमा सातोशीतच, पूर्णांकात ठेवा. नोडचं जेसन उत्तर बिटकॉइनमध्ये दशांशाने येतं. पायथन ते सरळ फ्लोटमध्ये वाचतं, आणि कोट्यवधी फ्लोट मिळवताना शेवटचे अंक सरकतात. वाचतानाच डेसिमल प्रकार द्या आणि १० कोटींनी गुणून पूर्णांक करा. ताळ्यात एक-दोन सातोशींचा फरक राहिला तर 'नगण्य' म्हणून सोडू नका. ब्लॉक १,२४,७२४ चं एका सातोशीचं प्रकरण अशा मनोवृत्तीतून सापडलंच नसतं.

ब्लॉकच्या फाइली थेट वाचणारा स्वतःचा पार्सर लिहिलात तर पडताळणी आणखी स्वतंत्र होते, वेगही वाढतो. तिथले खाचखळगे मात्र माहीत हवेत. फाइली जास्तीत जास्त १२८ एमआयबीच्या असतात. प्रत्येक ब्लॉकआधी चार ओळखबाइट आणि चार बाइट लांबी असते. ब्लॉक उंचीच्या क्रमाने नसतात, ज्या क्रमाने उतरले त्या क्रमाने असतात, आणि मुख्य साखळीतून बाहेर पडलेले ब्लॉकही त्यात असू शकतात. म्हणून आधी सगळी शीर्षं वाचून मागच्या हॅशने साखळी जुळवा. आवृत्ती २८ पासून नव्या नोडमध्ये या फाइली एका ८ बाइटांच्या किल्लीने एक्सऑर केलेल्या असतात. किल्ली त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत असते. जुन्या पार्सरला ओळखबाइट सापडत नाहीत आणि तो 'शून्य ब्लॉक' सांगून शांतपणे संपतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. सेगविटचे व्यवहार (सह्या वेगळ्या 'साक्षी'च्या भागात ठेवणारा प्रकार, २४ ऑगस्ट २०१७ च्या ४,८१,८२४ या ब्लॉकपासून सुरू) वाचताना मार्कर आणि फ्लॅगचे दोन बाइट येतात. व्यवहाराची ओळख काढताना ते आणि साक्षीचा भाग वगळायचा असतो.

आणखी एक ऐतिहासिक पडताळणी करून बघण्यासारखी आहे. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४,६३८ या उंचीच्या ब्लॉकमध्ये ६४ बिटांच्या बेरजेतल्या चुकीमुळे १८,४४६ कोटींहून जास्त बिटकॉइन एका व्यवहारातून निर्माण झाले. दुरुस्त आवृत्ती आली आणि साखळी त्या ब्लॉकला बाजूला सारून पुढे गेली. आज तुमच्या नोडवर त्या उंचीला वेगळाच ब्लॉक आहे. मूळ चुकीचा ब्लॉक नव्या समक्रमणात मिळत नाही. साखळी म्हणजे संपूर्ण इतिहास नव्हे, टिकलेला इतिहास, हे डोळ्यांनी बघायचं ते इथे.

या सगळ्या मोजणीतून 'हरवलेले' बिटकॉइन मात्र कळत नाहीत. किल्ली हरवली आहे की मालक शांत बसला आहे, साखळीवर दोन्ही सारखंच दिसतं. पाच वर्षं न हललेली नाणी हरवलेली धरणारा प्रत्येक आकडा हा अंदाज आहे, आणि तो तसाच म्हटला पाहिजे.

जिथे आकडे फसवतात

ब्लॉकमधली वेळ हे घड्याळ नव्हे. मागच्या ११ ब्लॉकांच्या मध्यक वेळेपेक्षा ती जास्त हवी आणि दोन तासांहून पुढची नको, एवढीच अट आहे. त्यामुळे पुढच्या ब्लॉकची वेळ मागच्यापेक्षा आधीची असू शकते आणि वजाबाकीत ऋण अंतरं येतात. ती गाळू नका, किती आली ते नोंदवा. दहा मिनिटांची सरासरी आणि घातांकी वितरण धरलं तर एक तासाहून लांब अंतर साधारण ४०० ब्लॉकांत एकदा यायला हवं, आणि एका मिनिटाच्या आतलं सुमारे साडेनऊ टक्के वेळा. तुमच्या डेटाशी हे ताडून बघा. सुरुवातीची वर्षं त्यात घेतलीत तर चित्र बिघडेल: पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ चा, दुसरा थेट ९ जानेवारीचा.

दिवसवार बेरजा करताना वेळ यूटीसीतच ठेवा. पहिल्या ब्लॉकची वेळ यूटीसीत संध्याकाळी ६:१५:०५, भारतीय वेळेनुसार रात्री ११:४५:०५. आणखी १५ मिनिटांनी आपल्याकडे तारीख बदलली असती. काही लायब्रऱ्या मशीनची स्थानिक वेळ गुपचूप लावतात आणि रोजच्या आकड्यांत साडेपाच तासांचा माल शेजारच्या दिवसात जातो. आलेख ठीकठाक दिसतो, आणि दुसऱ्या कुणाचा जुळत नाही.

मेमपूल (ब्लॉकमध्ये जायची वाट बघणाऱ्या व्यवहारांचा साठा) नावाची एकच जागा जगात नाही. प्रत्येक नोडचा स्वतःचा असतो, नेहमीच्या सेटिंगमध्ये ३०० एमबीचा, आणि १४ दिवस पडून राहिलेला व्यवहार त्यातून काढला जातो. शुल्काचा अभ्यास करायचा असेल तर लक्षात घ्या, साखळीवर फक्त निवडून आलेले व्यवहार दिसतात. जे कधीच ब्लॉकमध्ये गेले नाहीत ते तिथे नाहीत. म्हणून मेमपूलची नोंद आजपासूनच सुरू करा, प्रश्न अजून ठरला नसला तरी. झेडएमक्यू या नोडच्या सूचना-यंत्रणेच्या सीक्वेन्स प्रवाहातून व्यवहार आला, गेला, ब्लॉक जोडला, ब्लॉक सुटला या चारही घटना क्रमाने मिळतात. मशीनचं घड्याळ एनटीपीने जुळवलेलं ठेवा आणि नोड किती वेळ बंद होता त्याचीही नोंद ठेवा. आज न टिपलेला मेमपूल नंतर मिळवायचा तर दुसऱ्या कुणी टिपलेल्यावर विसंबावं लागतं.

पत्ते मोजून माणसं मोजता येत नाहीत. एका व्यवहाराची सगळी इनपुटं एकाच मालकाची, हे गृहीतक संशोधनात सर्रास वापरलं जातं, पण कॉइनजॉइनच्या, म्हणजे अनेकांची इनपुटं एकत्र करणाऱ्या, व्यवहारात ते मुद्दाम मोडलेलं असतं. जुन्या काळच्या थेट सार्वजनिक किल्लीच्या आउटपुटांना तर पत्ताच नसतो. काही एक्सप्लोरर सोयीसाठी त्या किल्लीवरून पत्ता बनवून दाखवतात, आणि मग दोन वेगळ्या प्रकारची आउटपुटं एकाच खात्यात मोजली जातात. गट पाडलात तर वापरलेला नियम आणि त्याचे अपवाद निबंधाच्या मुख्य भागात लिहा, तळटीपेत लपवू नका.

प्रयोगासाठी रेगटेस्ट

मोजणीनंतर प्रयोग. त्यासाठी खऱ्या पैशाची गरज नाही, आणि ही गोष्ट आपल्याकडे विशेष सोयीची आहे: भारतात आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आणि जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएस आहे. रेगटेस्ट हे तुमच्या मशीनपुरतं जाळं. ब्लॉक आज्ञेसरशी तयार होतात.

साखळी फुटून पुन्हा जुळताना बघायची असेल तर:

१. दोन वेगळ्या डेटा फोल्डरांत दोन नोड चालू करा. पहिल्याचे पोर्ट १८४४४ आणि १८४४३ असतात. दुसऱ्याला १८५४४ आणि १८५४३ द्या. शेजारचा म्हणून १८४४५ देऊ नका, तो पहिला नोड टॉरच्या (ओळख लपवणाऱ्या जाळ्याच्या) जोडणीसाठी आधीच अडवून बसलेला असतो.

२. पहिल्यावर वॉलेट तयार करून त्याच्या पत्त्यावर १०१ ब्लॉक काढा. कॉइनबेस १०० ब्लॉकांनी पिकतं, त्याआधी शिल्लक शून्यच दिसते.

३. दोन्ही जोडा, उंची एक झाली की सेटनेटवर्कअ‍ॅक्टिव्ह फॉल्स देऊन तोडा. पहिल्यावर एक व्यवहार पाठवून ३ ब्लॉक काढा, दुसऱ्यावर ४.

४. पुन्हा जोडा. पहिल्यावर गेटचेनटिप्स चालवा.

पहिल्याचे तीन ब्लॉक आता बाजूची फांदी म्हणून दिसतील. तुमचा व्यवहार मेमपूलमध्ये परत आलेला असेल, पण त्या तीन ब्लॉकांची बक्षिसं गेली. लक्षात ठेवा, नोड ब्लॉकांची संख्या मोजत नाही, साचलेलं काम मोजतो. इथे अवघडपणा सारखा असल्यामुळेच दोन्ही एकच वाटतं.

व्यवहार पाठवताना 'फॉलबॅकफी इज डिसेबल्ड' अशी चूक आली तर फॉलबॅकफी=०.०००२ लिहा. नव्या जाळ्यात शुल्काचा अंदाज बांधायला इतिहासच नसतो. आणि रेगटेस्टवर बक्षीस दर १५० ब्लॉकांनी निम्मं होतं. हे न कळल्यामुळे पुरवठ्याचा कोड इथे तपासणारे लोक स्वतःचा बरोबर कोड बिघडवून बसतात.

डावपेचांचा अभ्यास करायचा तर मात्र नोड नको, साधं सिम्युलेशन पुरतं. इत्ताय एयाल आणि एमिन गुन सिरर यांचा स्वार्थी मायनिंगवरचा २०१३ चा निबंध त्यासाठी उत्तम. मायनर सापडलेला ब्लॉक लपवून ठेवतो आणि इतरांचं काम वाया घालवतो. हे फायद्याचं ठरायला लागणारा किमान वाटा (१ − गॅमा) ÷ (३ − २ × गॅमा). बरोबरीच्या वेळी प्रामाणिक मायनरांपैकी जो हिस्सा हल्लेखोराच्या ब्लॉकवर काम करतो तो गॅमा. गॅमा शून्य असेल तर एक तृतीयांश, अर्धा असेल तर एक चतुर्थांश. तुमचं सिम्युलेशन या आकड्यांवर तपासा: गॅमा शून्य आणि ४० टक्के शक्ती असताना मिळकतीचा वाटा ४८.४ टक्के आला पाहिजे, ३० टक्के शक्तीला २७.३. दहा लाख ब्लॉक, किमान दहा वेगवेगळी बीजं, आणि सरासरीबरोबर पसाराही छापा.

आकडा थोडा जास्त येत असेल तर बहुधा बरोबरीची अवस्था चुकली आहे. दोन्ही बाजूंना एकेक ब्लॉक असताना पुढचा ब्लॉक कुणाला मिळाला यावर तीन वेगळे निकाल लागतात, त्यातले दोन निकाल अनेक जण एकत्र करून टाकतात. मॉडेल जुळल्यावर मग त्यात आपलं काही घाला: अवघडपणा दर २,०१६ ब्लॉकांनी बदलतो हे मूळ हिशेबात कुठे बसतं? पहिल्या बदलाआधी हल्लेखोराला प्रत्यक्षात तोटाच होतो का? इथून नवा, स्वतःचा प्रश्न सुरू होतो.

इथेरियमकडे वळताना

पद्धत तीच, सापळे वेगळे. १५ सप्टेंबर २०२२ च्या मर्जनंतर, म्हणजे मायनिंग बंद होऊन स्टेकिंग आल्यावर, ब्लॉकला १२ सेकंदांचा ठरलेला स्लॉट आहे, त्याआधी तसं नव्हतं. म्हणून ब्लॉक क्रमांकावरून वेळ काढणारं एकच सूत्र दोन्ही काळांना लावू नका. जुन्या उंचीवरची शिल्लक विचारायची तर आर्काइव्ह नोड, म्हणजे जुनी प्रत्येक स्थिती साठवणारा नोड, लागतो. करारांमधून (साखळीवर चालणाऱ्या प्रोग्रामांमधून) आतल्या आत गेलेला इथर लॉगमध्ये दिसत नाही, त्यासाठी ट्रेस काढावा लागतो. टोकनच्या 'ट्रान्सफर' घटना कुठलाही करार हवी तशी छापू शकतो, त्यामुळे घटना म्हणजे पैसे हलल्याचा पुरावा नव्हे. आणि दशांश स्थळं करारागणिक विचारा: यूएसडीटीला इथेरियमवर ६ आहेत, १८ नाहीत.

लिहिताना आणि दोष सापडला तर

प्रत्येक आकड्याशेजारी ब्लॉकची उंची, त्या ब्लॉकचा हॅश आणि नोडची आवृत्ती लिहा. टोकापासून किमान १०० ब्लॉक मागे राहून मोजा. कोड आणि काढलेला डेटा झेनोडो या संशोधन-भांडारावर ठेवलात तर कायमस्वरूपी डीओआय (ओळखक्रमांक) मिळतो. आर्काइव्ह (arXiv) या निबंधसंग्रहावर पहिल्यांदा निबंध टाकताना आधीच्या लेखकाची शिफारस लागू शकते. कूटशास्त्राचा भाग जास्त असेल तर आयएसीआर या कूटशास्त्र संघटनेचा ईप्रिंट हा निबंधसंग्रह योग्य. नावानिशी माणसांचे पत्ते जोडणारा तक्ता प्रसिद्ध करू नका, निष्कर्षाला त्याची गरज जवळजवळ कधीच नसते.

मोजताना खरा दोष हाती लागण्याची शक्यता धरून ठेवा. एकाच किल्लीने दोन सह्यांत तोच नॉन्स (सहीपुरती एकदाच वापरायची गुप्त संख्या, ब्लॉकमधला नॉन्स नव्हे) वापरला तर शाळेतल्या बीजगणिताने खाजगी किल्ली निघते. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक संख्यांच्या दोषामुळे हेच घडलं होतं. अशी जोडी सापडली तर त्या पत्त्यावरची नाणी 'सुरक्षित ठेवण्यासाठी' म्हणूनसुद्धा हलवू नका. दोष सॉफ्टवेअरमध्ये असेल तर सार्वजनिक ठिकाणी एक शब्दही लिहिण्याआधी प्रकल्पाच्या सुरक्षा धोरणात दिलेल्या पत्त्यावर कूटबद्ध मेल पाठवा: आवृत्ती, रेगटेस्टवर दोष दाखवणाऱ्या पायऱ्या, आणि तुमच्या मते परिणाम. सप्टेंबर २०१८ मधल्या दोषात नोड बंद पाडणं शक्य आहे एवढंच आधी जाहीर झालं. त्यातून नाणी वाढवताही येतात हे दुरुस्त आवृत्ती ०.१६.३ बाहेर पडल्यावर सांगितलं गेलं. मेल पाठवल्यावर तुम्हालाही असंच काही दिवस मौन पाळावं लागू शकतं. त्या काळात निबंधाचा मसुदा तयार करा, पण कोडची भांडारं खाजगी ठेवा आणि कमिटच्या संदेशातही दोषाचा उल्लेख टाळा.